वाळूतला केक

नातीच्या ओव्हनमधून व्हॅनिलाचा वास आला की मला सोलापुरातलं आमचं वाळूचं पातेलं आठवतं. शहात्तर-सत्याहत्तर साल असेल, तेव्हा ओव्हन कुणाकडे होता हो? पातेल्यात वाळू तापवायची, तिच्यात केकचा डबा ठेवायचा आणि केक फुगेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. लेकाच्या पहिल्या वाढदिवसाला वन्संनी, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेनं, माझी पाठ वळताच झाकण उचललं, मुद्दामच, आणि केक बसला. "अगं, भाकरी लई झ्याक झालीया की!" भरल्या घरात म्हणाल्या. माझी आई खाली मान घालून बसली. मी वर्षभर वाट पाहिली. पुढच्या वाढदिवसाला केक शेजारणीच्या शेगडीवर चढवला आणि आमच्या डब्यात ज्वारीची भाकरी ठेवली. वन्संनी झाकण उचललं, अंधारात चपटं काहीतरी दिसताच पाहुण्यांना हाका मारल्या, "या की बघायला, यंदाबी भाकरीच!" सगळे येऊन वाकले, तोवर मी मागच्या दारानं टम्म फुगलेला केक घेऊन आले. "व्हय वन्सं, ती तुमच्यासाठीच भाजलीय," म्हटलं, आणि सगळ्यांना केक देऊन त्यांच्या ताटलीत ती कडक भाकरी शेंगाचटणीसकट वाढली. आता ओव्हनला काच आहे, न उघडता आतलं दिसतं. तरी वन्सं आल्या की नातीचा केक मी कपाटात ठेवते आणि त्यांना भाकरीच वाढते.