रविवारची टिकली

नात एका सेमिस्टरसाठी व्हिएन्नाला गेली आणि ती तिकडे असताना इकडे सिडनीत हे गेले. माझे यजमान. हॉस्पिटलात, न्यूमोनियाने. वय झालं होतं, फुप्फुसं केव्हाच कामातून गेली होती, त्यात नवल काही नाही. नवल पुढे झालं.

जायचं की नाही यावर नातीने बराच घोळ घातला होता. ह्यांना तेव्हाही धाप लागायची, आणि ती ह्यांच्याच अंगाखांद्यावर वाढलेली. आईबाप दोघं पॅरामॅटाला नोकरीला. शाळेतून तिला हेच आणायचे. पेंडल हिल स्टेशनजवळच्या दुकानात समोसा घ्यायचा आणि घर येईपर्यंत दोघांनी संपवायचा, म्हणजे सुनेला कळायला नको. विमानतळावर तिने सगळ्यांसमोर बापाला विचारलं, "बाबा, आजोबांना काही झालं तर मला सांगशील ना? प्रॉमिस?"

मुलगा म्हणाला, "ऑफ कोर्स."

हे बाकावरून म्हणाले, "मला काय धाड भरलीय? तू ये परत, समोसे खाऊ."

हे गेले त्या दिवशी हॉस्पिटलमधून गाडीत बसताच मुलाने ठरवून टाकलं. तिची परीक्षा होईपर्यंत तिला काही सांगायचं नाही. एकटी आहे, तिकडे थंडीचे दिवस, कोसळेल. सुनेने मान हलवली. पुण्याहून फोन आले त्या सगळ्यांनी हेच सांगितलं. आमच्यात ही रीतच आहे. मेल्याची बातमी कुणी सरळ देत नाही. बाहेरगावच्या माणसाला सीरियस आहे, निघ, एवढंच कळवतात, आणि परीक्षा असली तर तेवढंही नाही. माझा धाकटा भाऊ मॅट्रिकचा शेवटचा पेपर देऊन गावी आला तेव्हा वडील गेल्याचं त्याला स्टँडवरच्या पानवाल्याने सांगितलं. पुढे जन्मभर तो आईशी कामापुरतं बोलला. मी हे मुलाला सांगितलं. तो म्हणाला, आई, तो काळ वेगळा होता. फोन त्याच्या हातात, नंबर लावणं मला येत नाही.

दहन झालं. इथे पेटीपुढे पडदा सरकतो आणि लोक बाहेर येऊन चहा पितात. घरी आल्यावर मी मंगळसूत्र काढून स्टीलच्या डब्यात ठेवलं आणि टिकली पुसली. सून म्हणाली, आई, हल्ली कुणी असं करत नाही. मला माहीत आहे. मी केलं. माझ्या आईने केलं होतं, तेवढंच मला येतं.

नातीचा फोन रविवारी संध्याकाळी यायचा, तिकडे सकाळ असायची. पहिल्या रविवारी मुलगा माझ्यासमोर घुटमळला. मग म्हणाला, "आई, टिकली लाव ना. फोनपुरती. तिला लगेच कळेल." सून ह्यांचा हार घातलेला फोटो चादरींच्या कपाटात ठेवून आली. टिकल्यांचं नवीन पाकीटही तिने आणलं होतं, मरून रंगाचं. मी मेलेल्या नवऱ्याच्या नावाची टिकली लावली, मंगळसूत्र घातलं आणि फोनसमोर बसले. फोन झाला की टिकली काढून बाथरूमच्या आरशाला चिकटवायची. असं दर रविवारी.

आजोबा कुठायत, ती विचारायची. झोपलेत. देवळात गेलेत. कानाचं मशीन बिघडलंय, त्यांना फोनवर ऐकू येत नाही. मुलगा इतकं सराईत बोलायचा की मला त्याची भीती वाटायला लागली. ती बर्फाचे फोटो पाठवायची, आजोबांना दाखव म्हणायची. सून म्हणायची, दाखवले, खूश झाले.

नाताळ जवळ आला. इथे तो ऐन उन्हाळ्यात येतो, घरात अंगाची लाही होत होती. त्या रविवारी मी टिकली लावली नाही. मोकळ्या कपाळाने, रिकाम्या गळ्याने जाऊन बसले. मुलाचा चेहरा उतरला. माझा हिशोब असा, की पोरगी बघेल आणि समजेल. मला तोंड उघडावं लागणार नाही.

तिने बघितलं. नीट बघितलं. म्हणाली, "आजी, टायर्ड दिसतेस. खूप हॉट आहे का तिकडे?"

तिला काहीच कळलं नाही. इथे जन्मलेली पोर, तिला कोण शिकवणार? ज्या गोष्टीपायी मी इतके रविवार ते सोंग केलं, ती तिला वाचताच येत नव्हती. मुलगा सुटल्यासारखा हसला. तेवढ्यात तिने पिशवीतून एक लोकरीची टोपी काढली, करड्या रंगाची, आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवून दाखवली. आजोबांसाठी घेतली, म्हणाली. विंटरला त्यांचे कान दुखतात ना.

मी म्हटलं, "टोपी खाली ठेव. आजोबा मेले."

मुलगा म्हणाला, आई, काय हे. पण तिला कळेल असा माझ्याकडे तेवढाच शब्द होता.

ती रडली नाही. कधी, तिने विचारलं. मी म्हटलं, रस्त्यावरचा जकरांडा जांभळा फुलला होता तेव्हा. ती मागचे आठवडे मोजत असावी. मग बापाला म्हणाली, "तू म्हणालास, झोपलेत." त्याने परीक्षेचं सांगायला सुरुवात केली. तिने ऐकून घेतलं. मग मला म्हणाली, "आजी, तुलाही माहीत होतं."

"हो."

फोन बंद झाला.

तिने परीक्षा दिली, मार्कही चांगले मिळाले. मुलगा अजून म्हणतो, जरा थांबली असतीस तर. परत आल्यावर तिने टोपी माझ्या हातात दिली, ती डब्यात मंगळसूत्राजवळ आहे. शिक्षण संपताच ती मेलबर्नला निघून गेली, टार्निटला मैत्रिणींबरोबर राहते. बापाशी नीट बोलते. नोकरीबद्दल, हवेबद्दल.

रविवारचा फोन येतो. गेल्या महिन्यात माझा गुडघा सुजला होता, मी आत पडून होते. मुलाने तिला सांगितलं, आजी झोपलीय.

ती म्हणाली, "फोन आत ने. दाखव."

तो फोन घेऊन आत आला आणि माझ्या तोंडावर धरला. मी डोळे उघडले.

"आजी, हात हलव."

मी हात वर केला.

ओके, ती म्हणाली, आणि फोन ठेवला.