मांगराची दुरुस्ती

आमच्या समुद्राकाठच्या माडांच्या बागेत मांगर कधीच नव्हता. मांगर म्हणजे गवत आणि अवजारं ठेवायची खोपी. वडिलांच्या लहानपणी नव्हती, माझ्याही नव्हती. तरी पावसाळा सरल्यावर मुंबईच्या माझ्या चुलतभावाला ग्रामपंचायतीकडून त्या मांगराच्या दुरुस्तीची परवानगी मिळाली, आणि नसलेला मांगर दुरुस्त होता होता शिमग्यापर्यंत दुमजली झाला. समुद्राकडे गॅलऱ्या, निळ्या टाइल्सची न्हाणीघरं, दाराशी होमस्टेची पाटी. इतकी कसून केलेली दुरुस्ती मी आयुष्यात पाहिली नव्हती.

भरतीरेषेच्या इतक्या जवळ बांधायला कायद्याने मनाई आहे, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. कोणाकोणाची बांधकामं त्या रेषेच्या आत आहेत, हेही ठाऊक आहे. त्यामुळे तो विषय कोणी काढत नाही. मीही काढला नसता. पण त्याने सेप्टिक टँकचा खड्डा खणला तो थेट विहिरीला खेटून.

विहीर काकीची. म्हणजे बागेसारखीच सगळ्यांची, पण पाणी तीच भरते. धाकटे काका गेल्यापासून ती बागेच्या टोकाला एकटी राहते, आणि पंचायतीचा नळ तिच्या घराच्या बराच अलीकडे थांबलाय. समुद्र इतका जवळ असून ते पाणी कधी खारं झालं नाही, याचा तिला माहेरापेक्षा जास्त अभिमान.

"त्याका सांग मा गो, वायच पलीकडे खण म्हणान," काकी म्हणाली.

मी सांगितलं. "ताई, टँक एकदम मॉडर्न आसा. थेंब भायर येवचो नाय," असं म्हणून त्याने मला गॅलरीतून समुद्र दाखवला. समुद्र मी आधी पाहिलेला होता.

वेंगुर्ल्याच्या शाळेत मी जन्मभर मराठी शिकवलं. तक्रारअर्ज झकास झाला. 'निसर्गदत्त गोड्या पाण्याचा एकमेव स्रोत' ही शब्दरचना तर मला फारच आवडली. पंचायतीतल्या शिपायाने शिक्का मारून पोच दिली आणि "मॅडम, नाव गुप्त राहील" असं बजावून सांगितलं. संध्याकाळी त्याच शिपायाच्या स्कूटरवरून चुलतभावाने माझ्यासाठी सुरमई पाठवली.

पाहणीला माणसं आली तेव्हा ओहोटी होती. त्यांनी टेप पाण्यापर्यंत नेला आणि अंतर भरपूर भरलं. "भरतीपासून मोजा," मी म्हटलं. "भरती येऊ दे की मग," असं म्हणून साहेब भरतीची वाट बघत गॅलरीत कोंबडी-वडे खायला बसले. जेवण लांबलं. हात धुवून खाली उतरेपर्यंत लाट पायऱ्यांशी आली होती, साहेबांचे बूट भिजले, आणि मग विनापरवाना बांधकाम असल्याचं कागदावर घेण्यावाचून त्यांना गत्यंतर उरलं नाही. त्या दिवशी मी घरी येऊन खुशीत सोलकढी केली.

थोड्याच दिवसांत नोटीस निघाली. ती मला आली.

'आपण आपल्या जमिनीत विनापरवाना बांधकाम करून निसर्गदत्त गोड्या पाण्याचा एकमेव स्रोत धोक्यात आणला आहे,' असं त्यात मलाच म्हटलं होतं. आमची जमीन सामाईक. सातबाऱ्यावर नावं असलेल्या सगळ्या हिस्सेदारांना नोटीस गेली होती. माझ्या आजोबांनाही होती, ते मी जन्मायच्या आधीच वारलेले. चुलतभावाच्या वडिलांना होती, तेही गेलेले. त्यांच्या मागे चुलतभावाने वारसनोंद केलीच नव्हती, त्यामुळे त्याचं नाव सातबाऱ्यावर नव्हतं. अख्ख्या घराण्यात जो बांधत होता तेवढा एकटाच निर्दोष सुटला.

काकीलाही नोटीस आली. ती कागद पदराखाली धरून माझ्याकडे आली. चेहरा उतरलेला.

"माका पोलीस नेतले काय गो?"

मी हसून वेळ मारून नेली, पण मनात भयंकर राग होता, आणि निम्मा स्वतःच्या शब्दरचनेवर होता. जिच्या पाण्यासाठी हा उपद्व्याप केला, तिलाच अन्न गोड लागेना.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन पंचायतीत गेले. ग्रामसेवक सभ्य माणूस. कार्यालयात शुद्ध बोलणारा.

"तक्रारदार आपणच?"

"हो."

"आणि हिस्सेदारही आपणच. म्हणजे आपली तक्रार आपल्याचविरुद्ध आहे, मॅडम. ती मागे घ्या, नोटीसही मागे जाईल. म्हातारीला त्रास नको."

तिडीक गेली डोक्यात. तरी मागे घ्यायचं मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. तेवढ्यात काकीने विचारलं, "सायबा, ह्या कागदात माका काय करूक सांगल्यात?"

"सदर बांधकाम आपण स्वतः काढून टाकावे, असं आहे."

"म्हंजे मोडूचा?"

"हो, म्हणजे तसं लिहावं लागतं..."

"बरा," काकी म्हणाली आणि उठली. परतीच्या वाटेवर ती कागद छातीशी धरून चालत होती. तिने धसका घेतला असं समजून मी सकाळी पहिलं काम तक्रार मागे घ्यायचं करणार होते.

सकाळी किनाऱ्यावर रापण होती. रापण म्हणजे समुद्रात पसरून दोन्हीकडून दोर ओढत काठावर आणायचं मोठं जाळं. अर्धा गाव ओढायला असतो, आणि ओढून झालं की सगळे काकीच्या विहिरीवर पाणी प्यायला येतात, ही पूर्वापार रीत. त्या दिवशी काकीने कळशी पुढे केली नाही. कागद पुढे केला. पाणी नंतर, आधी हुकूम. रापणकरांनी हुकूम वाचला, विहिरीकडे पाहिलं, खड्ड्याकडे पाहिलं, आणि खणलेली माती ज्या ढिगात पडली होती तिथून परत खड्ड्यात लोटली. मागे घ्यायचा अर्ज घेऊन मी काकीला सांगायला पोचले तेव्हा वरून पाय मारून माती दाबणं चाललं होतं.

चुलतभाऊ धावत आला. "काकी, ह्या काय केलंस?"

"हुकूम आसा रे. माज्या नावान इलो. तुज्या नावान काय इला?"

"नाय."

"मगे तुका कित्याक इचारू?"

त्याने मालकी सांगावी तर नोटीस अंगावर, न सांगावी तर ओरडायचा हक्क नाही. रापणकर ओळीने पाणी प्यायले.

तक्रार मागे घ्यायचा अर्ज मी तिथेच फाडला आणि पंचायतीला दुसरा दिला: नोटिशीची अंशतः पूर्तता करण्यात आली आहे. ग्रामसेवकाने तो पुन्हा पुन्हा वाचला. हुकूम पाळल्याबद्दल कारवाई करायचं कलम त्याला सापडलं नाही.

टँक आता रस्त्याच्या बाजूला आहे, विहिरीपासून पार लांब. होमस्टे उभा आहे, पाहुणे येतात, आणि पाहणीचे साहेब एकदा सहकुटुंब राहून गेले. बांधकाम पाडायचा मुद्दा मी सोडून दिला. काकीने सोडलेला नाही. परवा गेले तर तिने विहिरीचं गार पाणी दिलं, शेजारी बसली आणि त्या निळ्या टाइल्सकडे बघत आशेने म्हणाली, "वरच्या मजल्याची नोटीस कधी येतली गो?"