बेथानीनंतरचे दोन दिवस

तुम्हां तिघा नातवंडांना ठाऊक असलेली हकिगत अशी आहे: आजी येशूच्या पवित्र भूमीच्या यात्रेला गेली होती, तेवढ्यात शिरूरची मोठी आजी वारली आणि तिकडे फोन लागत नसल्यामुळे आजीला काही कळलंच नाही. तुमच्या आईला हे मीच सांगितलं होतं. त्यातली फोनची गोष्ट खोटी आहे. ती दुरुस्त करायला हे लिहिते आहे.

अक्का, म्हणजे तुमची मोठी आजी, माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. आमची आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते. माझ्या वेण्या, माझी पुस्तकं, इंग्रजी शाळेचं वसतिगृह, पुढे माझं लग्न, सगळं तिने पाहिलं. स्वतः नर्स झाली, शिरूरच्या दवाखान्यात आयुष्य काढलं, लग्न केलं नाही. मी लग्न होऊन दौंडला आले, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये, आणि तिथल्या शाळेत शिकवू लागले. तुमचे आजोबा गेल्यावर दर गुरुवारी मी तिच्याकडे जायची. पाटसला उसाच्या ट्रॉल्यांमागे एसटी अडकली की ती फोन करून विचारायची, "कितवी ट्रॉली?"

शेवटच्या वर्षी तिच्या पायांना सूज आली आणि चार पावलांत धाप लागू लागली. शेजारची बाई दोन्ही वेळा येऊन तिचं करायची. त्या घरात सासऱ्यांपर्यंत मेंढरं होती, आता शेती आहे. अक्काने तिची तिन्ही बाळंतपणं केली होती, त्यामुळे तिला अक्काचं करणं म्हणजे उपकार वाटत नसे.

यात्रेचं आमच्या चर्चच्या मंडळीत वर्षभर चाललं होतं. दहा दिवस, तीस माणसं, सोबत आमचे पाळक. तिकडची वाट तेव्हा खुली होती. निघायच्या आदल्या दिवशी मी शिरूरला गेले.

"औषधं घेतलीस?" अक्का म्हणाली.

"घेतली."

"यादी केली असशील."

"केली."

"तिच्यात मी कितवी?"

मी हसून यादी पर्समध्ये ठेवली. शेजारीण चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "जावा बाई, बिनघोर जावा. आन् देवाला म्हणावं, अक्कांच्या नादाला लागू नगा. आमाला इंजेक्शन द्यायला दुसरं कोण न्हाई."

"देवाला माझी भीती वाटते," अक्का म्हणाली. "जा तू."

एवढंच म्हणाली. "यात्रा पुरी करून ये" असं ती म्हणाली नव्हती. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मी ते तिच्या तोंडी घातलं.

आठव्या दिवशी आम्ही बेथानीला गेलो, प्रभूने मेलेल्यांतून उठवलेल्या लाजाराच्या कबरेपाशी. अरुंद चढाचा रस्ता, भिंतीत एक लहानसं दार आणि आत खाली उतरणाऱ्या झिजलेल्या, उंच पायऱ्या. माझे गुडघे दुखत होते, तरी मी उतरले. खाली इतकी कमी जागा होती की आम्ही पाचपाच जण आळीपाळीने उभे राहिलो. वर आल्यावर पाळकांनी बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातला तो अध्याय वाचला आणि म्हणाले, "बाई, तुम्ही इतकी वर्षं मुलांना शिकवलंय. तुम्हीच समजावून सांगा."

रविवारच्या शाळेत मी हा अध्याय तीस वर्षं शिकवला. लाजार आजारी आहे असा बहिणींचा निरोप येतो, तरी प्रभू येशू होता तिथेच आणखी दोन दिवस थांबतो आणि तोवर लाजार मरतो. मुलं दर वर्षी विचारायची, का थांबला? माझं उत्तर पाठ होतं. त्या भिंतीच्या सावलीत उभी राहून मी तेच सांगितलं: प्रभूचा उशीर हा उशीर नसतो, आपल्याला दिसत नाही असं मोठं काम त्यात चाललेलं असतं. दोघीतिघींनी ते वहीत उतरवून घेतलं. मला बरं वाटलं.

बसकडे चालत असताना फोन वाजला. शेजारीण होती.

"बाई, अक्कांचं काय खरं न्हाई. डॉक्टर म्हंत्यात, दोन दिस, फार तर तीन. तुमी निघा."

"शुद्धीवर आहे?"

"हायेत की. मला म्हणाल्या, फोन करू नगंस. म्हणून भाईर येऊन केला."

मी पाळकांना सांगितलं. ते भले माणूस, लगेच म्हणाले, "उद्या सकाळच्या विमानात जागा मिळते का बघतो. परवा तुम्ही शिरूरला असाल."

आणि मी म्हणाले, "नको. ती म्हणाली आहे, यात्रा पुरी करूनच ये."

का म्हणाले, ते सरळ सांगते. पुढचे दोन दिवस गालीलच्या सरोवराकडचे होते. लहानपणापासून त्या सरोवराचं चित्र माझ्या डोळ्यांपुढे होतं. तुमच्या आजोबांनाही ते पाहायचं होतं, पण त्यांचं नाव मी पुढे करणार नाही. मला पाहायचं होतं. शिवाय पाठ असलेलं उत्तर जवळ होतंच. बसमध्ये खिडकीशी बसून मी स्वतःला म्हटलं, तोही दोन दिवस थांबला होता. शाळेत कुणी रजेचा अर्ज आणला की मी तो दोनदा वाचायची. हा मात्र न वाचता मंजूर केला.

गालील सुंदर आहे. पाणी शांत होतं, पलीकडचे डोंगर फिकट जांभळे दिसत होते. होडीत आमच्या लोकांनी मराठी भजनं म्हटली आणि मीही म्हटली. दुपारी तळलेला मासा खाल्ला. दुसऱ्या दिवशी यार्देन नदीच्या काठी पांढरे झगे घालून पाण्यात उतरलो. त्या दोन दिवसांची पानं माझ्या वहीत सर्वांत नीटनेटकी आहेत, प्रत्येक स्थळाखाली शास्त्रभाग लिहिलेला आहे. मला आनंद झाला होता. हे वाक्य लिहायला मला काही वर्षं लागली.

त्या दोन दिवसांत मी शिरूरला फोन केला नाही.

मुंबईला उतरल्यावर केला. फोन शेजारणीने उचलला. म्हणाली, "काल सकाळी गेल्या. दुपारी माती दिली. किती वाट बघायची म्हणून लोक म्हणाले."

मी पोचले तेव्हा कबरेवरची फुलं अजून पुरती सुकली नव्हती. माझ्या बॅगेत ऑलिव्हच्या लाकडाचे बारा क्रूस आणि खजुराचे तीन डबे होते. घरी नातेवाईक बसलेले होते. एका मामेबहिणीने विचारलं, "तुला कुणी कळवलं नाही?"

मी तोंड उघडायच्या आत शेजारीण स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "मी लई लावला. लागलाच न्हाई. तिकडं रेंज नसंल."

सगळ्यांनी हळहळ केली आणि मी ती करू दिली. खोटं असं सुरू झालं.

माणसं पांगल्यावर तिने मला ते दोन दिवस सांगितले. पहिल्या दिवशी अक्काने विचारलं नाही. संध्याकाळी फाटक वाजलं की फक्त मान वळवायची. दुसऱ्या दिवशी तिने पलंग फिरवून घेतला, फाटक समोर दिसेल असा. "मी म्हणलं, त्या देवाच्या गावाला गेल्यात, येत्याल. तर म्हणाल्या, देव काय तिथंच राहतो व्हय? हितं कोण येतं मग?" शेजारीण थोडी हसली. "मरताना बी गप बसल्या न्हाईत."

"तू खोटं का बोललीस?" मी विचारलं.

"आता त्या असत्या तर हेच म्हणाल्या असत्या. धाकटीला बोलू नगा म्हणून." मग कपबश्या उचलत, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "पर तुमी यायला पायजे हुतं, बाई."

तो अध्याय मी नंतर पुष्कळदा वाचला. प्रभू शेवटी येतो तेव्हा दोघी बहिणी, वेगवेगळ्या भेटून, तीच एक गोष्ट त्याला म्हणतात: तू इथे असतास तर भाऊ मेला नसता. मी मुलांना शिकवायची की हा त्यांचा विश्वास. आता मला त्या वाक्यात शेजारणीचाच आवाज ऐकू येतो. दोन दिवस त्या बहिणी दाराकडे बघत होत्या, हे मी कधी शिकवलंच नव्हतं. मी कायम थांबणाऱ्याच्या बाजूने वाचत आले. तो रडला हे सांगणारं त्यातलं वचन फार लहान आहे. पाठांतर टाळणारी मुलं तेच निवडायची आणि सगळा वर्ग हसायचा, मीही हसायची. त्याच्या हाती लाजाराला परत बोलावणं होतं, तरीही तो रडला. माझ्या हाती काय होतं? एक फोन होता. तो मी दोन दिवस पर्समध्ये ठेवला.

ती जागा पाहिल्याने शास्त्र अधिक उमगतं, असं यात्रेला जाणारे म्हणतात. मला उमगलं ते शिरूरच्या खोलीत, पलंग फिरवल्याने फरशीवर उमटलेल्या ओरखड्यांपाशी.

त्या अध्यायाचा पाठ आता दुसऱ्या बाई घेतात. मी मागे बसते. परवा एका मुलीने विचारलं, का थांबला तो? बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मला माहीत नाही. मुलीला ते पटलं नाही, पण मला आणखी काही सांगता आलं नसतं.

गेल्या महिन्यात शेजारणीला सांगून आले की मी हे तुम्हाला लिहिणार आहे. ती जोंधळे पाखडत होती. म्हणाली, "लिवा. पोरं काय म्हणत्याल?"

तुम्ही काय म्हणाल, ठाऊक नाही. एवढं करा: पुढे कुणी म्हणालं की आजीला बातमी मिळाली नव्हती, तर त्यांना थांबवा. बातमी मिळाली होती. मंगळवार होता, तिथल्या घड्याळात दुपारचे पावणेदोन झाले होते आणि आवाज अगदी स्वच्छ येत होता.