नाव काढणाऱ्या जाधवबाई

शूटिंग सुरू झालं की जाधवबाई माझ्या शर्टाची डावी बाही धरून उभ्या राहत. मी कॅमेरामन, त्या सरकारी वाहिनीवरच्या निर्मात्या. समोरचं माणूस बोलता बोलता थांबलं की माझा हात सवयीने बटणाकडे जाई आणि तेवढ्यात बाही खेचली जाई. बोलणं खरंच संपलंय अशी खात्री पटली, की मगच त्या ती सोडत. "तुमचे शर्ट एकाच बाजूने कसे हो ओघळतात?" असं बायको विचारायची.

"श्वास घेतंय ते माणूस," बाई म्हणायच्या. "संपलेलं नाही." मूळच्या मंडणगडच्या, राहायला नेरूळला. ऑफिसात त्यांना खडूस म्हणत, आणि त्या होत्याच. मंत्र्यांचं उद्घाटन शूट करायला सांगितलं की त्यांचं डोकं दुखायला लागे. पण एखाद्या म्हातारीच्या ओट्यावर त्या तासन् तास मांडी घालून बसत, वर मलाही बसवत. "आपल्याला बोलायला नाही ठेवलेलं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "ऐकायला ठेवलंय."

घणसोली गावातल्या ताराबायचा ओटा असाच एक. ताराबाय धवलारीन होती, म्हणजे लग्नात धवले गाणारी. तिने गायल्याशिवाय तिच्या आळीत कुणाला हळद लागत नसे. गावच्या जमिनीविषयी आम्ही विचारलं तेव्हा ती म्हणाली, "सगली बोलतान, आमी शहराला जमीन दिली." मग गप्प झाली. समोरच्या टॉवरकडे बघत पदराने तोंड पुसत राहिली. माझी बाही घट्ट धरलेली होती. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "आमी दिली नाय. नेली."

बाईंनी बाही सोडली. जीपमध्ये बसल्यावर त्या म्हणाल्या, "अर्ध्या तासाचा कार्यक्रम त्या एका शब्दात आहे बघा." कार्यक्रम आडवारी दुपारी लागला आणि नेहमीप्रमाणे कुणी पाहिला नाही.

पुढे काळ बदलला. आमच्या केंद्रात कार्यक्रम बनेनासे झाले; चूल विझली आणि डबा बाहेरून यायला लागला. आमच्या प्रक्षेपणाच्या वेळा बाहेरच्या कंपन्यांना विकल्या गेल्या. महापेतल्या अशाच एका कंपनीला जुने कार्यक्रम दिले गेले, त्यांतून शहराच्या गौरवाचे छोटे छोटे तुकडे करायला. प्रायोजक कोण, तर एक बिल्डर. त्या तुकड्यांत मागे सनई वाजतेय, ड्रोनमधून टॉवर दिसताहेत आणि ताराबाय म्हणतेय, "आमी शहराला जमीन दिली." आधीचं 'सगली बोलतान' गेलं होतं आणि नंतरचं सगळंच गेलं होतं.

अख्खा कार्यक्रम कुणी पाहिला नव्हता, पण हा तुकडा गावातल्या प्रत्येक मोबाईलवर पोचला. जमिनीचं भांडण अजून कोर्टात होतं. आपल्याच बाईने गावाचं नाक कापलं, असं गावकीत ठरलं. पुढच्या हळदीला शिरवण्याहून दुसरी धवलारीन आणली आणि ताराबायच्या दारात निमंत्रणाचा नारळसुद्धा कुणी ठेवला नाही.

हे कळल्यावर बाई मला घेऊन महापेला गेल्या. तिथला प्रमुख अदबीने वागला. "मॅडम, एवढा पॉज आता कोण बघतं? लोक स्क्रोल करतात."

"तिचं बोलणं उलटं झालंय."

"टेन्शन नका घेऊ. व्ह्यूज मस्त आहेत."

तिथून त्या आमच्या संचालकांकडे गेल्या. मूळ कार्यक्रम पुन्हा दाखवा, म्हणाल्या. वेळ विकलेली आहे, असं उत्तर आलं. "मग त्या तुकड्यातून माझं नाव तरी काढा."

"शेवटची नावं आता दाखवतच नाहीत, तर काढणार कुठून?" साहेब म्हणाले. "आणि बाई, तुम्ही तर केंद्राचं नाव काढलंत." स्वतःच्या कोटीवर ते पोटभर हसले. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही घणसोलीला गेलो. पलीकडच्या गल्लीत हळद चालू होती आणि ताराबाय दाराशी एकटीच बसली होती. बाई तिच्या पाया पडल्या.

"तू थांबली व्हतीस गो, मना ठाव हाय," ताराबाय म्हणाली. "पन गाव ईचारतंय, असा कसा बोललीस? माझा बोलना कापला असा सांगते, त कोनी कापला ईचारतान. मी कोनाचा नाव सांगू? त्यान कोनाचाच नाव नाय."

बाई तिच्याशेजारी मांडी घालून बसल्या. मग म्हणाल्या, "माझं सांगा. जाधवबाईने कापलं म्हणावं."

"तू नाय कापलास."

"नसेल. पण गावाला नाव लागतं ना? ऑफिसातून मी तुम्हाला कागदही आणून देते, माझ्या सहीचा."

परतताना त्यांनी मला बजावलं, "तुम्हीसुद्धा हेच सांगायचं. दोन तोंडांनी दोन गोष्टी गेल्या तर ते परत तिच्यावर येईल." आयुष्यभर ज्या बाईने कुणाचं वाक्य तोडलं नाही, तिने तोडल्याची कबुली लिहून दिली. त्यानंतर लवकरच त्यांनी नोकरी सोडली. गेल्या वर्षी त्या वारल्या. शोकसभेत साहेब बोलले, छान बोलले.

हल्ली मी लग्नं शूट करतो. मध्यंतरी घणसोलीतल्या एका हळदीचं काम होतं. मांडवात ताराबाय गात होती, आवाज थकलेला पण खणखणीत. नवऱ्या मुलाचा काका माझ्याशेजारी येऊन उभा राहिला.

"तू पयले टीव्हीत व्हतास ना? ती जाधवबाय तुमच्यातलीच ना, आमच्या ताराबायचा बोलना कापनारी?"

"हो," मी म्हणालो. "वारल्या त्या."

"बरा झाला," तो म्हणाला, आणि हाताला धरून त्याने मला जेवायला बसवलं.