खिशातली जांभळी चकती

वर्ना ऑस्ट्रँडरच्या उजव्या हाताची तीन बोटं फेब्रुवारीपासून झोपलेली होती. अंगठा, त्याच्या शेजारचं आणि मधलं. उरलेली दोन जागी होती, पण पत्ते वाटायला त्या दोघांचा काय उपयोग? रीनोच्या कॅसिनोत, वरच्या मजल्यावरच्या पोकर हॉलात वर्ना अठ्ठावीस वर्षं पत्ते वाटत आली होती. बोटं झोपल्याचं हॉलात तिने फक्त लिगायाला सांगितलं होतं.

लिगाया दुमलाओ तिच्याबरोबरीची डीलर. एका प्रश्नाला दुसरा जोडल्याशिवाय तिला बोलताच येत नसे. "डॉक्टर काय म्हणाला? ऑपरेशन करून कापायचं म्हणाला? मग कापू दे की, नट्टापट्टा करून कुठे जायचंय तुला त्या हाताने?"

"कापलं की दोन महिने घरी," वर्ना म्हणाली. "एकसष्टाव्या वर्षी घरी बसलेल्या डीलरला परत कोण बोलावतं?"

"मग?"

"मग काही नाही."

हे 'मग काही नाही' हल्ली सगळ्यालाच पुरत होतं. बॉइझीहून मुलीचा फोन आला, आई, मी लग्न करतेय. वर्ना म्हणाली, बरं. घरमालकाने सांगितलं, पुढच्या वर्षी बिल्डिंग पाडणार. वर्ना म्हणाली, बरं. बोटांची झोप मनगटातून वर चढली होती, खांद्यापर्यंत आली होती, आणि तिथून आत कुठवर गेली होती ते डॉक्टरनेही विचारलं नव्हतं.

ती मूळची विनेमक्का नावाच्या छोट्या गावची. बापाचा पेट्रोल पंप होता. तेहतिसाव्या वर्षी नवऱ्याला सोडून ती रीनोत आली आणि लाँड्रीच्या वरच्या खोलीत चालणाऱ्या डीलरच्या शाळेत सहा आठवडे बसली. तिथल्या मास्तरांचं एक वाक्य तिला पाठ होतं. "डोळे गिऱ्हाइकाच्या तोंडावर. चकतीकडे बोटं बघतात." आणि बोटं खरंच बघत. रोखीच्या चकतीच्या कडेला बारीक दात असतात. ती खाली कॅशियरच्या खिडकीत दिली की डॉलर मिळतो. स्पर्धेची चकती कडेने गुळगुळीत असते, आणि तिच्यावर पाचशे लिहिलेलं असलं तरी खाली तिच्यावर कॉफीसुद्धा मिळत नाही. तो नुसता आकडा. ऐंशी डॉलर भरले की असे दहा हजार आकडे हातात येतात, आणि ते संपले की माणूस उठतो.

फेब्रुवारीपासून वर्ना पत्ते डोळ्यांनी पिसत होती. अजून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

बुधवारी दुपारची स्पर्धा सुरू झाली तेव्हा तिच्या टेबलावर डन्फी होता. डन्फी रिटायर झालेला प्लंबर. आठवड्यातले चार दिवस तो इथेच असे आणि भिंतीवरची पाटी वाचून दाखवावी तसा बोले. त्याच्या समोर कोल्बी नावाचा पोरगेलासा गडी, डोक्यावर टोपडं, डोळ्यांवर काळा चष्मा, तोंडात फक्त "हं". आणि दोघांच्या मध्ये ऑर्विल सीबोल्ट. हा एल्कोहून आलेला, शाळेची बस चालवणारा, आणि पोकरच्या हॉलात जन्मात पहिल्यांदा बसलेला.

"माफ करा बाईसाहेब," ऑर्विल दर वेळी हात वर करून विचारी, "आता माझी पाळी का?"

"तुझीच, राजा," वर्ना म्हणे. ती सगळ्यांनाच राजा म्हणे.

"पाळी नसताना बोलू नये," डन्फी घसा साफ करून सांगे. "पानं टेबलावरून उचलू नयेत. दुसऱ्याचं दिवाळं निघालं तर हसू नये."

"मी हसलो नाही हो."

"हसणार होतास."

"हं," कोल्बी म्हणाला.

अर्ध्या तासाने डीलर बदलायची वेळ झाली. लिगाया येऊन खुर्चीमागे उभी राहिली. स्पर्धेत बक्षिसी द्यायची ती शेवटी, जिंकणाऱ्याने, काउंटरवर, आणि ती सगळ्या डीलरमध्ये वाटली जाते. पण डन्फीची स्वतःची एक रीत होती. उठणाऱ्या डीलरला तो शर्टाच्या खिशातून रोखीची एक निळी चकती काढून द्यायचाच. "कॉफीला," तो म्हणाला. वर्नाने ती टेबलाच्या कडेवर दोनदा टकटक वाजवली, वरच्या कॅमेऱ्याला दिसावं म्हणून, आणि खिशात टाकली. "थँक यू, राजा."

ऑर्विलने हे पाहिलं. आत्ताच त्याने एक चांगला डाव मारला होता. डन्फी आपली पडलेली काठी शोधायला टेबलाखाली वाकला होता, कोल्बी फोनमध्ये होता, लिगाया खुर्ची वरखाली करत होती. ऑर्विलने आपल्या ढिगातली एक चकती उचलली आणि वर्नाच्या हातात ठेवली. "माझ्याकडूनही, बाईसाहेब."

वर्नाने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, शिकवल्याप्रमाणे. टक, टक. "थँक यू, राजा." खिशात. मग तिने दोन्ही हातांची टाळी वाजवली, तळवे उलटसुलट करून छताला दाखवले, म्हणजे हातात काही नाही, आणि ती निघाली.

डीलरच्या खोलीत भिंतीला लाकडी पेटी होती, वरून फट असलेली. बक्षिशीच्या चकत्या तिच्यात टाकायच्या. वर्नाने खिसा रिकामा केला. एक निळी. एक जांभळी.

जांभळीवर पाचशे लिहिलेलं होतं.

आपल्याला घाम फुटेल म्हणून तिने थोडी वाट पाहिली. फुटला नाही. डीलरच्या खिशात स्पर्धेची चकती म्हणजे काय, ते तिने नव्या पोरींना स्वतः शिकवलं होतं. चोरी ठरली तर लायसन्स जातं. चूक ठरली तर कुणीतरी विचारणारच, बाई, तुमच्या बोटांना कळलं कसं नाही? या खोलीत कॅमेरा नव्हता. कोकच्या मशीनमागे चकती टाकली असती तर मशीन हलवेपर्यंत कुणाला दिसली नसती. तिने दोन्ही चकत्या परत खिशात ठेवल्या आणि अर्धं सँडविच खाल्लं. त्याला चव होती की नाही ते तिला सांगता आलं नसतं.

वीस मिनिटांनी ती हॉलात आली तेव्हा त्याच टेबलावर मोठा डाव लागला होता. ऑर्विल आणि कोल्बी, दोघांनी आपापला सगळा ढीग पुढे सारला होता. पानं उघडली होती. कोल्बी जिंकला होता. लिगाया दोन्ही ढीग मोजत होती.

"हे नऊ हजार दोनशे. आणि हेही नऊ हजार दोनशे. बरोब्बर सारखे, असं कधी झालंय का?"

"म्हणजे मी संपलो?" ऑर्विलने विचारलं.

"संपलात, साहेब."

ऑर्विल उठला. त्याने खुर्ची नीट आत सरकवली आणि प्रत्येकाशी हात मिळवला, कोल्बीशीही. "मजा आली," तो म्हणाला. "एल्कोत सांगायला झालं."

डन्फीने घसा साफ केला. "एक चकती जरी जास्त असती ना, तर खुर्ची टिकली असती. शहाण्णव साली मी एका चकतीवरून दुसरा आलोय."

ऑर्विल दाराकडे निघाला होता. वर्नाचा हात खिशावर गेला, डावा. तिला वाईट वाटलं असं नाही. नुसतं दिसलं, की हा माणूस दारापर्यंत चौदा-पंधरा पावलं टाकणार आणि मग झालं.

"हॅल्स्टेड," तिने हाक मारली.

हॅल्स्टेड हॉलचा मॅनेजर. 'मी काय म्हणतो' या तीन शब्दांवाचून त्याची गाडी सुरू होत नसे. तो आला. वर्नाने जांभळी चकती टेबलावर ठेवली.

"ही याची. मघाशी मला बक्षिसी म्हणून दिली. मी घेतली."

कोल्बीने चष्मा काढला. त्या दिवशीचं पहिलं अख्खं वाक्य त्याच्या तोंडून निघालं. "म्हणजे तो अजून आहे?"

"स्पर्धेची चकती टेबल सोडत नाही," डन्फी म्हणाला. "नियम तिसरा."

"चौथा," हॅल्स्टेड म्हणाला. त्याने वरच्या कॅमेऱ्याच्या खोलीला फोन लावला, दोन मिनिटं नुसता ऐकत राहिला आणि फोन ठेवला. "मी काय म्हणतो, दिसतंय त्यांना. ढापलेली नाही. बसा, साहेब. तुमची एक चकती आहे."

ऑर्विल परत येऊन बसला. "मी काही चुकीचं केलं का?" त्याने विचारलं.

हॅल्स्टेड वर्नाला बाजूला घेऊन गेला. "मी काय म्हणतो, वर्ना. अठ्ठावीस वर्षं झाली. हाताला कळलं नाही?"

"नाही."

"निळी आहे का खिशात? दे." त्याने निळी घेतली, टेबलाच्या ट्रेमधून एक जांभळी उचलून आणली. "डोळे मीट. उजवा हात."

वर्नाने डोळे मिटले. त्याने काहीतरी तिच्या बोटांत ठेवलं असावं. दात, गुळगुळीत, गार, काहीच नाही. अंदाजाने सांगितलं असतं तरी दोनातलं एक, बरोबर यायची अर्धी संधी. अख्ख्या हॉलात त्या क्षणी कुणाकडे इतकं चांगलं पान नसेल.

"कळत नाही," ती म्हणाली.

"निळी होती."

"बरं."

"मी काय म्हणतो, आज टेबलावर नको बसूस. उद्याही नको. हात दाखव कुणालातरी. नंतरचं नंतर." निळी चकती त्याने तिच्या डाव्या हातात परत दिली.

ती घरी गेली नाही. कठड्याला टेकून उभी राहिली. ऑर्विलच्या एका चकतीच्या दोन झाल्या. दोनाच्या चार. डन्फी काठीवर हनुवटी टेकून बघत होता. सहाव्या डावाला कोल्बीने त्या चारही नेल्या. ऑर्विलने पुन्हा खुर्ची आत सरकवली, पुन्हा सगळ्यांशी हात मिळवले. मग डन्फीशी काहीतरी कुजबुजून त्याने एक डॉलर दिला, निळी चकती घेतली आणि ती घेऊन तो वर्नाकडे आला.

"ही बरोबर आहे ना, बाईसाहेब?"

वर्नाने आता चकतीकडे पाहिलं. "बरोबर आहे. पण मला नाही, राजा. जी बसलीय तिला."

तो परत टेबलाकडे गेला. लिगायाने आधी चकतीकडे पाहिलं, मग वर्नाकडे.

"तू अजून इथेच? घरी कोण वाट बघतंय तुझी, आणि कुणी बघत नसेल तर जायची घाई कसली?" असं म्हणून तिने चकती कडेवर वाजवली. टक, टक.

वर्ना डीलरच्या खोलीत गेली. डन्फीची निळी पेटीत टाकायची राहिली होती. डाव्या हातात तिने ती जरा वेळ कडेने फिरवली. दात लागले. मग तिने ती फटीत सोडली आणि कोट शोधायला लागली.