भोपळ्याच्या नाकावरचा चट्टा

सलूनवाल्या अण्णांना प्राण्यांचं वेड होतं अशातला भाग नाही. मुलगी शिकायला बाहेरगावी गेली आणि तिचा गिनीपिग मागे राहिला, एवढंच. तांबूस, गुबगुबीत, नाव भोपळ्या. घरात एकटा झुरेल म्हणून अण्णांनी त्याचा लाकडी पिंजरा दुकानात आरशाशेजारी ठेवला. गिऱ्हाइकं आपला नंबर येईपर्यंत त्याच्याशी गप्पा मारत.

मग भोपळ्या नाक खाजवू लागला. नाकपुडीपाशी केस गेले, पांढरी खपली धरली. अण्णांनी आधी तेल लावलं. गुण येईना, तेव्हा औषधाच्या दुकानातून खाजेवरचं मलम आणलं. सुरुवातीला लाली उतरली, अण्णा निर्धास्त झाले, आणि चट्टा गुपचूप डोळ्यापर्यंत पसरला. त्यातच भोपळ्यानं खाणं सोडलं. गाजर नाकाशी धरलं तरी कोपऱ्यात फुगून बसून राहिला. अण्णांच्या तोंडचं पाणी पळालं.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी चट्ट्याच्या कडेचे चार केस उपटून काचपट्टीवर घेतले आणि मलमाची ट्यूब मागितली.

"ही बुरशी आहे, आणि यात स्टेरॉइड. बुरशीला हे म्हणजे खतपाणीच. वर अँटिबायोटिकही आहे. यानं चाटलं का?"

"चाटलं असणार. जीभ नाकापर्यंत पोचते त्याची."

"मग पोट बिघडलंय. यांच्या आतड्यात काही थांबलं, की जीव जायला वेळ लागत नाही. थोडं थोडं भरवत राहा. आधी पोट चालू होऊ दे, मग बुरशीचं औषध." त्या थांबल्या. "तुमचे हात बघू."

अण्णांच्या मनगटाच्या आत लालसर गोल उठला होता. त्यांना वाटलं होतं, साबण बाधला.

"हा गजकर्ण, तीच बुरशी. त्याच्याकडून तुम्हाला आलाय. काम काय करता?"

"सलून आहे," अण्णा मनगट झाकत म्हणाले.

"मग हे बरं होईपर्यंत बंद ठेवा."

घरी बायकोनं हातमोजे चढवून भोपळ्याला टॉवेलात गुंडाळलं. अण्णांनी बिनसुईच्या सिरिंजनं पातळ खाणं गालात सोडलं. त्यानं ते थुंकलं. पुन्हा सोडलं, पुन्हा थुंकलं. दोघं नवराबायको त्या इवल्या घशाकडे बघत राहिले. शेवटी घसा हलला. बऱ्याच वेळानं बायको पिंजऱ्यात वाकून म्हणाली, "अहो, लेंड्या टाकल्या." आयुष्यात कुणाच्या लेंड्यांनी अण्णांना इतका धीर आला नव्हता.

पण मनातला काटा निघेना. बँकेतल्या कॅशियरच्या मानेवर त्यांनी अलीकडेच तसाच गोल पाहिला होता आणि "घामोळं असेल" म्हणून वस्तरा फिरवला होता.

"रंगकाम चालू आहे अशी पाटी लावा," बायको म्हणाली. "कुणाला काय कळतंय?"

"मला कळतंय ना."

दुकानाचं शटर ओढून ते कॅशियरकडे गेले. दारातच उभं राहून सगळं सांगितलं. कॅशियरचा हात मानेकडे गेला. आतून बाळाचं रडणं ऐकू आलं.

"घरात महिन्याचं नातवंड आहे, अण्णा," तो हळू आवाजात म्हणाला. "मी रोज खांद्यावर घेतो त्याला."

"डॉक्टरांना दाखवा. खर्च माझा."

"खर्चाचं कोण बोलतंय?" म्हणत त्यानं दार लावून घेतलं.

पुढचे दिवस अण्णांनी जीव मुठीत धरून काढले. चादरी उकळल्या, कंगवे फेकले, पिंजरा जाळला. भोपळ्या आता घरी प्लास्टिकच्या टबात. औषध कडू, त्यामुळे पाजताना रोज कुस्ती. आठवडाभरानं औषधवाल्याकडून कळलं: कॅशियरला मलम चालू आहे, बाळाचं अंग स्वच्छ आहे. अण्णा तिथेच त्याच्या काउंटरला टेकून उभे राहिले.

मनगट बरं झालं, भोपळ्याच्या नाकावर मऊ लव आली, डॉक्टरीणबाईंनी होकार दिला, तेव्हाच त्यांनी दुकान उघडलं. बरीच गिऱ्हाइकं परतली, काही नाही. कॅशियर समोरच्या सलूनमध्ये जातो. रस्त्यात भेटला तर मान हलवतो, थांबत नाही.

"राग येत नाही तुम्हाला?" बायकोनं एकदा विचारलं.

"कशाचा?" अण्णा औषधाचा शेवटचा डोस द्यायला भोपळ्याचं तोंड उघडत म्हणाले. "याला धर नीट, परत थुंकेल."