कोणी जात नाही तो बोळ

आमच्या घरामागून एक बोळ जायचा. दोन बाया समोरासमोर आल्या तर एकीने भिंतीला पाठ लावून उभं राहावं, एवढाच रुंद. माय दुपारी घरातलं आटोपलं की त्या बोळातून पलीकडच्या मोहल्ल्यात जायची, मनियाराच्या बायकोकडे. बांगड्या भरता भरता त्यांची मैत्री झाली होती. माय तिला आपा म्हणायची. आपाच्या पायांतलं बळ गेल्यापासून तिला येता यायचं नाही, मायच जायची.

पुढून बाजाराचा रस्ता होताच. पण तिथे कापसाच्या पेढीवर मायचे चुलत सासरे बसलेले असत. त्यांच्यासमोरून जायचं तर चपला हातात, पदर कपाळाखाली, आणि कुठं चालली याला उत्तर तयार हवं. मैत्रिणीकडे चालले, हे सुनेचं उत्तर त्या काळी चालत नसे.

माझे बाबा नाकासमोर चालणारे गृहस्थ. रस्ताही त्यांना तसाच हवा होता. वाशीम सुधारतं, रिसोड सुधारतं, मग आपलंच काय अडलंय, म्हणून गावात रस्ता-कमिटी झाली आणि बाबा तिच्यात गेले. मोजणीदार आमच्या ओसरीवर नकाशा पसरून एकेक गल्ली विचारत होता. बोळाशी आल्यावर बाबांनी छातीठोक सांगितलं, तिथून कोणी जात नाही. ते खोटं बोलले नव्हते. पुरुषमाणूस त्या बोळात कधी शिरलाच नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. रस्ता रुंद करताना ज्यांचे ओटे गेले, त्यांना बदल्यात बोळाची जागा मिळाली. तिथे भिंत उभी राहिली.

माय भिंत पाहून घरात आली.

"तुमी सांगतलं म्हने, तिथून कोनी जात नाही."

"मंग कोन जाते?" बाबांनी विचारलं.

"मी जातो ना. मी कोनीच नाही काय?"

बाबा म्हणाले, आधी सांगायचं होतं. माय म्हणाली, मले इचारलं कोनी? त्या दिवशी घरात कोणी धड जेवलं नाही.

आता मी शहरात राहते. इथे आराखडे भिंतीवर लावतात, हरकतीही मागवतात. मी चष्मा लावून बघायला जाते, आणि सरळ रेघ दिसली की माझं डोकं फिरतं. जुनी गावं वाकडी का होती, हे कोणाला विचारून ही रेघ मारली? तिथला साहेब मला पाणी देतो आणि बसा म्हणतो.

भिंतीनंतर वर्षभरात आपा गेली. माय तिला भेटलीच नव्हती. जनाजा नव्या रस्त्याने आमच्या दारावरून निघाला. बाबाही खांदा द्यायला गेले. माय दाराआड उभी होती. माणसं पुढे गेल्यावर ती रस्त्यावर उतरली, चपला पायांतच, पदर खांद्यावर. पेढीवरून कोणीतरी विचारलंच, सूनबाई, कुठं चालली?

"आपाच्या घरी," माय म्हणाली आणि चालत राहिली.